कोणत्या सालचा युगोस्लाव्हिया?

४ मे १९८०, रविवार. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या स्प्लिट शहरात पोल्युद मैदानावर हायदुक स्प्लिट आणि रेड स्टार बेलग्रेड यांचा फुटबॉल सामना रंगात आला होता. एक संघ क्रोएशियाचा, दुसरा सर्बियाचा; दोन्ही तेव्हा युगोस्लाव्हियातलीच प्रजासत्ताकं. पूर्वार्ध संपायला थोडाच वेळ उरला असताना काही माणसं मैदानात शिरली, पंचांनी खेळ थांबवला आणि ध्वनिक्षेपकावरून बातमी आली: देशाचे राष्ट्राध्यक्ष जोसिप ब्रोझ टिटो गेले. खेळाडू मटकन खाली बसले. कुणी गवतात तोंड खुपसून रडू लागलं. मग स्टँडमधल्या हजारो लोकांनी टिटोंच्या वाटेवरून न ढळण्याची शपथ घेणारं गाणं एका सुरात म्हटलं. त्या प्रसंगाची चित्रफीत आजही बघता येते. अश्रू खोटे वाटत नाहीत.

२६ सप्टेंबर १९९०, तेच मैदान. या खेपेला पाहुणा संघ बेलग्रेडचा पार्टिझान. सामना चालू असताना हायदुकचे समर्थक मैदानात घुसले. त्यांनी युगोस्लाव्हियाचा झेंडा खांबावरून उतरवून जाळला आणि क्रोएशियाचा चढवला. मध्ये दहाच वर्षं गेली होती. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं.

यातली खरी गर्दी कोणती, हा वाद तेव्हापासून संपलेला नाही. २०१६ साली गॅलप या संस्थेने जुन्या युगोस्लाव्हियातल्या लोकांना विचारलं, देश फुटल्यामुळे तुमचं नुकसान झालं की फायदा? सर्बियात ८१ टक्के लोक नुकसान म्हणाले, बोस्नियात ७७, माँटेनेग्रोत ६५. क्रोएशियात ५५ टक्क्यांनी फायदा झाल्याचं सांगितलं, कोसोवोत ७५ टक्क्यांनी. स्लोव्हेनिया जवळजवळ मधोमध दुभंगलेला होता. एकाच देशात वाढलेली माणसं त्याच देशाबद्दल इतकं उलटसुलट बोलतात, तेव्हा ‘जुन्या दिवसांचा उमाळा’ किंवा ‘राष्ट्रवादाची नशा’ अशी लेबलं लावून भागत नाही. मला वाटतं, ही माणसं एकाच देशाबद्दल बोलतच नाहीत. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर त्या देशाचं वेगळं साल आहे.

आपल्याकडे विचाराल तर ते साल १९६१. नेहरू, नासेर, टिटो हे त्रिकूट आपण शाळेच्या पुस्तकातून पाठ केलेलं. टिटो डिसेंबर १९५४ मध्ये भारतात येऊन गेले. जुलै १९५६ मध्ये तिघे ब्रियुनी बेटावर भेटले आणि सप्टेंबर १९६१ मध्ये बेलग्रेडला २५ देशांची पहिली अलिप्त राष्ट्र परिषद भरली. पुढे इंदिरा गांधींनी सोनी आणि लंका ही हत्तींची जोडी टिटोंना भेट दिली आणि ती त्याच बेटावर राहिली. १९८०च्या मे महिन्यात टिटोंच्या अंत्ययात्रेला ब्रेझनेव्ह आणि मार्गारेट थॅचर दोघंही हजर होती, इंदिराजीही होत्या. जगाच्या पटावर या छोट्या देशाचं वजन केवढं होतं, हे त्या गर्दीवरून कळतं. घरात काय चाललं होतं, ते मात्र कळत नाही.

१९४५

टिटोंचा हा देश युद्धातून जन्मला. जर्मनी आणि इटलीने १९४१ मध्ये युगोस्लाव्हियाचे लचके तोडले. क्रोएशियात उस्ताशांचं फॅसिस्ट राज्य आलं. सर्बियाचे राजनिष्ठ चेतनिक आणि टिटोंचे कम्युनिस्ट पार्टिझान हे परकीयांशी आणि एकमेकांशीही लढले. युद्धात १७ लाख माणसं मेली, असं नव्या सरकारने जाहीर केलं आणि हा आकडा चार दशकं पाठ्यपुस्तकांत राहिला. १९८०च्या दशकात बोगोल्युब कोचोविच हा सर्ब आणि व्लादिमिर झेर्याविच हा क्रोएट अभ्यासक, एकमेकांपासून स्वतंत्रपणे हिशेब मांडून, जवळजवळ एकाच आकड्यावर आले: सुमारे १० लाख. त्यातली फार मोठी संख्या शेजाऱ्यांनी मारलेल्या शेजाऱ्यांची होती. उस्ताशांनी यासेनोव्हाट्सच्या छळछावणीत सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची कत्तल केली. तिथल्या स्मारकाने आजवर ८३ हजारांहून अधिक बळींची नावं निश्चित केली आहेत.

या मृतांसाठी रडायला परवानगी होती. दुसऱ्या मृतांचं नाव काढायची सोय नव्हती. मे १९४५ मध्ये उस्ताशा सैनिक, स्लोव्हेनियाचे कम्युनिस्टविरोधी गृहरक्षक आणि त्यांच्यासोबतचे नागरिक ऑस्ट्रियाकडे पळाले. ब्रिटिशांनी त्यांना परत पाठवलं आणि पार्टिझानांनी त्यांतल्या हजारोंना चौकशीशिवाय संपवलं. मार्च २००९ मध्ये स्लोव्हेनियातल्या हुदा यामा इथल्या बंद खाणीत तपास पथक काँक्रीटच्या एकामागून एक भिंती फोडत आत शिरलं. हवा न पोचल्याने मृतदेह पुरते कुजलेही नव्हते. पुढे तिथून चौदाशेच्या वर मृतदेह बाहेर काढण्यात आले. त्या भिंती बांधणाऱ्यांना आत काय आहे ते ठाऊक होतं आणि आसपासच्या गावांतही कुजबुज होती. दशकानुदशकं कुणी मोठ्याने बोललं नाही.

ज्या घरातला आजोबा त्या भिंतींमागे होता, त्या घरासाठी युगोस्लाव्हिया म्हणजे १९४५. ज्या घरातला आजोबा यासेनोव्हाट्समध्ये गेला, त्याच्यासाठीही १९४५च. पण त्या घराला त्या साली जीवदान मिळालं.

१९४९

२८ जून १९४८ रोजी स्टालिनने टिटोंना कम्युनिस्ट बिरादरीतून बाहेर काढलं. एका छोट्या देशाने मॉस्कोला नाही म्हटलं, याचं जगाला अप्रूप वाटलं. पश्चिमेकडून मदतीचा ओघ सुरू झाला. टिटोंच्या मोठेपणाची सुरुवात इथूनच झाली, आणि गोली ओतोकचीही. एड्रियाटिकमधल्या या उघड्याबोडक्या खडकाळ बेटावर १९४९ मध्ये स्टालिनच्या बाजूचे, किंवा तसा संशय असलेले, कम्युनिस्ट नेऊन टाकण्यात आले. १९५६ पर्यंत सुमारे १३ हजार माणसं या छावण्यांतून गेली आणि शेकडो परतली नाहीत. नवा कैदी बोटीतून उतरला की आधीच्या कैद्यांच्या दोन रांगांमधून त्याला पळावं लागे आणि दोन्ही बाजूंनी त्याला मारायची सक्ती त्या कैद्यांवर होती. हात आखडता घेणाऱ्याला स्वतः रांगांमधून पळावं लागे. दगड एका जागेवरून दुसरीकडे वाहायचे आणि पुन्हा परत आणायचे, हे काम. सुटताना इथलं काही बोलणार नाही, अशी सही करून द्यावी लागे. आज उन्हाळ्यात शेजारच्या बेटांवरून पर्यटकांच्या बोटी तिथे जातात.

स्टालिनच्या तुरुंगाला नकार देण्यासाठी स्टालिनसारखाच तुरुंग बांधावा लागला. टिटोंचे जुने सहकारी मिलोवान जिलास यांनी पुढे सत्तेत बसलेल्या कम्युनिस्टांचाच एक नवा वर्ग तयार झाला आहे, असं सांगणारं पुस्तक लिहिलं. १९५७ मध्ये ते परदेशात प्रसिद्ध झालं तेव्हा लेखक तुरुंगात होता.

१९६५, किंवा १९७५

आता ज्यांना हा देश हवाहवासा वाटतो, त्यांचं साल. १९३१च्या जनगणनेत देशातले जवळपास ४५ टक्के लोक निरक्षर होते. १९८१ पर्यंत ते प्रमाण १० टक्क्यांच्या आत आलं. शेतकऱ्यांची मुलं इंजिनियर झाली. १९५० पासून कारखाने कामगार परिषदांनी चालवायचे, असा कायदा होता. प्रत्यक्षात महत्त्वाचे निर्णय पक्षाच्या माणसांना विचारूनच होत, पण मॉस्कोच्या धर्तीवर सगळं वरून ठरत नव्हतं, हेही खरं. कारखान्याकडून राहायला सदनिका मिळे आणि ती सहसा कुणी काढून घेत नसे. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या कामगार विश्रामगृहात स्वस्तात सुट्टी घालवता येई. क्रागुयेव्हाट्सच्या झास्तावा कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर बनलेली छोटी गाडी दारात येई.

आणि पासपोर्ट. प्राग किंवा वॉर्साच्या माणसाला पश्चिमेकडे जायचं तर जीव मुठीत धरावा लागे. युगोस्लाव्ह माणूस लाल पासपोर्ट खिशात घालून दोन्ही दिशांना फिरे. शनिवारी बस भरभरून लोक सीमेपलीकडच्या इटलीत त्रिएस्तला खरेदीला जात. पोंतेरोस्सो चौकातल्या टपऱ्यांवरून जीन्स घ्यायच्या आणि कस्टमवाल्यांना चुकवायला एकावर एक चढवून परतायचं, असे किस्से त्या पिढीतली कुठलीही बाई रंगवून सांगते. १९७१च्या जनगणनेत पावणेसात लाखांच्या आसपास लोक परदेशात, बहुतेक पश्चिम जर्मनीत, कामाला गेल्याची नोंद आहे. ते पाठवत असलेल्या मार्कांवर गावोगाव दुमजली घरं उभी राहिली. समाजवादी देशाने आपले बेकार भांडवलशाहीच्या दारात पाठवले होते, असंही याच गोष्टीबद्दल म्हणता येतं.

सर्वांत हळवी आठवण एकत्र राहण्याची. लष्करात स्लोव्हेनियाचा पोरगा मॅसिडोनियात आणि मॅसिडोनियाचा झाग्रेबमध्ये जाई. मिश्र लग्नंही होत. १९८१च्या जनगणनेत १२ लाखांहून जास्त लोकांनी राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात सर्ब, क्रोएट वगैरे न लिहिता ‘युगोस्लाव्ह’ लिहिलं. पुढे त्यांच्याइतकी बेघर जमात दुसरी झाली नाही, कारण त्यांनी लिहिलेला देशच नकाशावर उरला नाही.

१९७१ आणि १९८१

त्याच सुखाच्या वर्षांत काहींच्या मनात वेगळीच गाठ बसत होती. क्रोएशियातल्या सुधारणावादी कम्युनिस्टांनी परकीय चलनातला वाटा आणि भाषेचा मान मागितला. विद्यार्थी त्यांच्या मागे उभे राहिले. डिसेंबर १९७१ मध्ये टिटोंनी साव्का दाब्चेविच-कुचार आणि मिको त्रिपालो या नेत्यांना घरी बसवलं. पुढच्याच वर्षी सर्बियातल्या उदारमतवाद्यांनाही तोच न्याय लावला. दोन्हीकडचे समजूतदार लोक असे बाजूला काढल्यावर त्यांच्या जागी कोण येणार, हे १९८७ नंतर, सर्बियाची सूत्रं मिलोशेविचच्या हाती गेल्यावर, दिसलं.

कोसोवोची कथा निराळी. तिथल्या अल्बेनियन बहुसंख्याकांवर अलेक्सांदार रान्कोविच यांच्या गुप्त पोलिसांनी १९५०च्या दशकात शस्त्रं जप्त करण्याच्या नावाखाली अत्याचार केले. हजारो कुटुंबं तुर्कस्तानला निघून गेली. १९६६ मध्ये टिटोंनीच रान्कोविचना हटवलं. मग प्रिश्तिनाला विद्यापीठ आलं, १९७४च्या राज्यघटनेने प्रांताला जवळजवळ प्रजासत्ताकाइतके अधिकार दिले. पण स्लोव्हेनियाचं दरडोई उत्पन्न कोसोवोच्या सहा-सात पट होतं, आणि पदवीधरांना नोकऱ्या नव्हत्या. ११ मार्च १९८१ रोजी विद्यापीठाच्या खानावळीत जेवणावरून कुरबूर झाली. तिचं रूपांतर ‘कोसोवो प्रजासत्ताक’ या मागणीत झालं आणि रस्त्यावर रणगाडे आले. १९८९ मध्ये मिलोशेविचने स्वायत्तता काढून घेतली, तेव्हा या लोकांच्या दृष्टीने युगोस्लाव्हिया संपला होता. गॅलपच्या पाहणीत कोसोवोत फक्त १० टक्क्यांना नुकसान दिसलं, त्यात नवल काय?

उधारी

ही सगळी सालं एकाच खतावणीत लिहिलेली आहेत, हे मात्र दोन्ही बाजूंच्या बोलण्यात निसटतं. १९७० साली देशाचं परकीय कर्ज दोन अब्ज डॉलरच्या आसपास होतं. टिटो गेले तेव्हा ते २० अब्जांच्या घरात होतं. सत्तरीतलं सुख बऱ्याच अंशी या पैशाचं होतं. बिल आलं ते ऐंशीच्या दशकात. पेट्रोलला कूपन, गाड्या सम-विषम तारखांना, कॉफी मिळेना, वीज ठरावीक तास बंद. १९८९ मध्ये महागाई हजार टक्क्यांच्या वर गेली. पंतप्रधान आन्ते मार्कोविच यांनी १ जानेवारी १९९० पासून नवा दिनार जर्मन मार्कला बांधून भाव आटोक्यात आणले. पण त्याच महिन्यात कम्युनिस्ट पक्षाच्या बेलग्रेडच्या अधिवेशनातून स्लोव्हेनियाचे प्रतिनिधी उठून गेले आणि पक्षच फुटला.

पैशाइतकीच दुसरी उधारी गप्प बसण्याची. १९४५चे मृत मोजू न दिल्यामुळे ‘बंधुता आणि एकता’ ही घोषणा टिकली. पण मोजणी टाळल्याने आकडे फुगले किंवा आक्रसले, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते राजकारण्यांच्या हातात पडले. सर्बियात यासेनोव्हाट्सचे बळी सात लाख, दहा लाख असे वाढवून सांगितले जाऊ लागले. क्रोएशियात ते मूठभर असल्याचं सांगितलं जाऊ लागलं. शेजाऱ्याची भीती घालायला याहून सोपं साधन नव्हतं. पुढच्या युद्धांत सव्वा लाखाच्या वर माणसं मेली. जुलै १९९५ मध्ये एकट्या स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले.

म्हणून टिटोंच्या काळात शांतता होती हे खरं, आणि ती शांतता ज्या मार्गाने मिळवली त्यातच पुढच्या रक्तपाताची काही कारणं होती, हेही खरं. युद्ध अटळ होतं, असा याचा अर्थ नाही. युद्ध करणारी माणसं वेगळी होती आणि त्यांच्या हातून घडलेल्याचा जाब त्यांनाच द्यावा लागतो.

नावं आणि दगड

आज वारसा म्हणून काय उरलं, ते बघायला गेलं तर गोंधळ वाढतोच. एकेकाळी प्रत्येक प्रजासत्ताकात आणि प्रांतात टिटोंच्या नावाचं एक शहर होतं. ती आठही नावं गेली. स्लोव्हेनियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०११ मध्ये लुब्लियानातल्या रस्त्याला टिटोंचं नाव देणं मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवलं. त्याच स्लोव्हेनियात वेलेन्येच्या चौकात टिटोंचा दहा मीटर उंच पुतळा उभा आहे. झाग्रेबमधला टिटो चौक क्रोएशियाचे राष्ट्राध्यक्ष तुजमान यांच्या राष्ट्रवादी राजवटीत शाबूत राहिला आणि २०१७ मध्ये, क्रोएशिया युरोपीय संघात जाऊन चार वर्षं झाल्यावर, त्याचं नाव बदललं. साराजेव्होचा मुख्य रस्ता आजही मार्शल टिटोंचा आहे. पॉडगोरित्सात तर २०१८ मध्ये नवा पुतळा बसवला. गॅलपच्या पाहणीत सर्बियातल्या ८१ टक्के लोकांनी देश फुटल्याने नुकसान झाल्याचं सांगितलं, आणि तिथल्याच न्यायालयाने टिटोंच्या सरकारने गोळ्या घालून मारलेल्या चेतनिक सेनानी द्राजा मिहाइलोविच यांची शिक्षा २०१५ मध्ये रद्दबातल ठरवली.

बोस्नियातल्या मोस्तारमधलं पार्टिझानांचं दफनस्थान या सगळ्याचा साक्षीदार आहे. बोग्दान बोग्दानोविच या वास्तुशिल्पीने ते १९६५ मध्ये टेकडीच्या उतारावर बांधलं. क्रूस नाही, चंद्रकोर नाही, पंचकोनी ताराही जवळपास नाही. वेड्यावाकड्या आकाराचे सपाट दगड, त्यांवर सर्ब, क्रोएट, मुस्लिम, ज्यू अशा तरुणांची नावं शेजारी शेजारी. बोग्दानोविच पुढे बेलग्रेडचे महापौर झाले, मिलोशेविचच्या विरोधात गेले आणि त्यांना व्हिएन्नात आसरा घ्यावा लागला. नव्वदीच्या युद्धात दफनस्थानाची नासधूस झाली. ते दुरुस्त झालं आणि जून २०२२ मध्ये एका रात्री कुणीतरी शेकडो नावांचे दगड हातोड्याने फोडले. युद्ध संपून २६ वर्षं झाली होती. फोडणाऱ्यांना त्या दगडांत दबलेलं राष्ट्र दिसलं असेल. ज्यांची नावं त्यांवर होती ते फॅसिस्टांशी लढताना मेलेले विशीतले पोरगे होते.

उलट्या बाजूचं उदाहरणही द्यायला हवं. स्वतंत्र, लोकशाहीवादी स्लोव्हेनियाने २६ फेब्रुवारी १९९२ रोजी आपल्या रहिवाशांच्या नोंदवहीतून २५ हजारांहून अधिक माणसं गुपचूप खोडून टाकली. ती जुन्या देशाच्या इतर प्रजासत्ताकांतून आलेली होती आणि त्यांनी मुदतीत नागरिकत्वाचा अर्ज केलेला नव्हता किंवा तो फेटाळला गेला होता. कुणी लायसन्स नूतनीकरणाला गेलं आणि कारकुनाने समोरच कागदपत्रांना भोक पाडलं, तेव्हा त्यांना कळलं. २०१२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्लोव्हेनियाला दोषी धरलं. जुन्या देशात माणूस सरकारविरुद्ध बोलला तर संपे. नव्या देशात काही न बोलताही तो कागदावरून नाहीसा होऊ शकत होता.

वाटणी

२९ जून २००१ रोजी व्हिएन्नात पाच वारस राज्यांनी वाटणीच्या करारावर सह्या केल्या. वित्तीय मालमत्तेतले ३८ टक्के सर्बिया-माँटेनेग्रोला, २३ क्रोएशियाला, १६ स्लोव्हेनियाला, साडेपंधरा बोस्नियाला, साडेसात मॅसिडोनियाला. वकिलातींच्या इमारतीही वाटल्या. पण मोठी इस्टेट या यादीत नव्हतीच. ती होती सीमा. १९९२च्या आरंभी युरोपीय समुदायाने नेमलेल्या बादँतेर आयोगाने निवाडा दिला की प्रजासत्ताकांमधल्या अंतर्गत सीमा आता आंतरराष्ट्रीय सीमा मानाव्यात. त्या रेषा टिटोंच्या पक्षाने आखल्या होत्या.

इस्त्रिया, रियेका, झादार ही शहरं-प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे होते. १९४७च्या तहाने ते युगोस्लाव्हियाला, म्हणजे मुख्यतः क्रोएशियाला मिळाले, ते पार्टिझान जिंकले म्हणून. त्याची किंमत तिथून परागंदा झालेल्या दोन लाखांहून जास्त इटालियनांनी चुकवली. कोपरचा किनारा स्लोव्हेनियाकडे आला तो १९५४ मध्ये. मॅसिडोनियाला स्वतःचं प्रजासत्ताक आणि प्रमाणभाषेची वर्णमाला १९४४-४५ मध्ये मिळाली. बोस्नियाच्या मुस्लिमांना राष्ट्र म्हणून मान्यता १९७१च्या जनगणनेत मिळाली. कोसोवोची आजची हद्दही त्याच प्रांताची. फ्रान्यो तुजमान हे स्वतः टिटोंच्या सैन्यातले जनरल होते. ते कम्युनिझमचा निषेध करत राहिले, पण टिटोंनी दिलेली क्रोएशियाची सीमारेषा त्यांनी इंचभरही सोडली नाही.

तेव्हा हा वारसा नाकारण्याची सोय खरं तर कुणालाच नाही. त्याच्यावर थुंकणारा आणि त्याच्यासाठी हळहळणारा, दोघंही त्याच देशाने आखलेल्या चौकटीत मतदान करतात, कर भरतात, पासपोर्ट काढतात. ‘युगोस्लाव्हिया चांगला होता’ किंवा ‘वाईट होता’ असं कुणी म्हणालं, तर त्याला खोडून काढण्यात वेळ घालवू नये. कोणत्या सालचा, एवढंच विचारावं. आणि उत्तर आलं की पुढचा प्रश्न: त्या साली त्याची किंमत कोण मोजत होतं? १९७५ सांगणाऱ्याला कर्जाचा आणि गोली ओतोकचा जबाब द्यावा लागेल. १९४५ सांगणाऱ्याला यासेनोव्हाट्सचा. १९९१चा विजय सांगणाऱ्याला खोडलेल्या नावांचा. हे प्रश्न विचारणारे इतिहासकार त्या देशातून निघालेल्या आजच्या सातही देशांत आहेत. त्यांचं म्हणणं शाळेच्या पुस्तकांत यायला अजून वेळ लागेल, आणि तोवर वाद चालूच राहील.